एक वीत

तीस वर्षं मी तुरीतून लोखंड वेचलं.
जळगावच्या एमआयडीसीत, डाळ मिलमध्ये,
पन्हाळीच्या तोंडाशी बसवलेलं चुंबक,
पाटाएवढं, काळं, हट्टी.
दर दोन तासांनी पट्टा थांबवायचा,
हातमोजा चढवायचा
आणि त्याच्या अंगावरचं ओरबाडून घ्यायचं:
खिळे, तारा, बैलाच्या पत्रीचा तुकडा,
ब्लाउजचे हूक, विळ्याचं मोडकं टोक,
एकदा रुपया.
जोडवंही निघालं एकदा, पण ते खाली, जाळीत.
चांदी चुंबकाला भीक घालत नाही.

आता माझ्याच डाव्या खांद्याखाली
काडेपेटीहून लहान डबी आहे, कातडीच्या आत.
मंडा तिला पाहुणी म्हणते.
धुळ्याच्या डॉक्टरांनी टाके काढताना सांगितलं,
चुंबकापासून एक वीत लांब राहायचं.
मी विचारलं, कोणाची वीत?
ते हसले.
मी खरंच विचारत होतो.

घरी आल्यावर कळलं, जग केवढं चिकटून आहे.
हर्षालीची कंपासपेटी टक्क करून मिटते, ती त्यामुळेच.
सुनेच्या पर्सचं बटण.
फ्रिजच्या दारावर प्लास्टिकचा केळीचा घड,
रावेरच्या कुठल्याशा खतवाल्यानं वाटलेला.
मोबाईल डाव्या खिशात नाही, डाव्या कानाला नाही.
मेहुण्याच्या पोराच्या लग्नात
डीजेच्या भिंतीपासून मी इतका लांब उभा राहिलो
की वरमाई समजावायला आली,
मानपानाचं काही राहिलं का म्हणून.

मिलमध्ये मला काट्यावर बसवलंय.
पोती मोजतो, पावत्या फाडतो.
चुंबकावर उखाचा पोरगा, दिगंबर.
मी दोन पावलं तिकडे टाकली की ओरडतो,
"आप्पा, तठेच थांबा!"
आणि सापडलेलं लांबूनच दाखवतो, हात उंच करून.
परवा घड्याळाचा काटा होता.
मिनिटाचा की तासाचा, इतक्या लांबून दिसलं नाही.

वर्षाच्या तपासणीला डॉक्टरांनी ड्रॉवर उघडला
आणि बांगडीएवढं निळं चुंबक काढून
थेट माझ्या छातीवर ठेवलं.
मी टेबलाच्या कडा धरल्या.
"थांबणार नाही ते," म्हणाले,
"फक्त ऐकणं बंद करेल.
हृदय काय म्हणतंय त्याकडे लक्ष न देता
आपल्या हिशोबानं ठोके टाकत बसेल.
उचललं की पुन्हा कान देईल."
मी पडून राहिलो.
आत मिलचा पट्टा चालू होता,
एकसारखा, कोणाचाच नसलेला.
असं मी जगलोय, मला आठवलं.
पाळीवरून घरी येऊन, ताटावर बसून,
मंडा बोलतेय आणि मी हूं हूं करतोय
बरोबर वेळेवर.

मंडाचे गुडघे.
सारंगखेड्याच्या जत्रेत तिनं पट्टा घेतला होता,
आत बारा चुंबकं शिवलेली.
त्यानं कोणाचं दुखणं जातं की नाही, देव जाणे,
तिचं जायचं.
माझं ऑपरेशन झालं आणि पट्टा दिसेना.
विचारलं, तर म्हणाली, हरवला.

मे महिन्यात एका रात्री वीज गेली,
सगळी गल्ली गच्चीवर.
कठड्यापलीकडून विमलबाई म्हणाल्या,
"मंडा, तुझा पट्टा किती दिवस सांभाळू?
माझ्या पायाला तर तो पुरत बी नाही."
मंडा बोलली नाही.
गोधडी झटकली,
गुडघ्यावर हात टेकून दोन हप्त्यांत खाली बसली
आणि आडवी झाली,
माझ्यापासून एक वीत सोडून.

मी म्हटलं, आता कशाला?
तुझ्यात थोडंच लोखंड आहे?

आभाळाकडे बघत म्हणाली,
तुम्हाला काय ठाऊक.